कोणाचं, ते आधी सांगा

आमच्या सरांच्या विनोदाला कुणी हसल्याचं मला आठवत नाही. विनोद चांगले असायचे. अडचण अशी की, विनोद सांगायच्या आधी तो कुणाकडून आला हे ते सांगत, आणि त्या माणसाकडे तो कुठून आला हेही सांगत. "हा माझा नव्हे हं. आमच्या मेव्हण्यांचा. त्यांना तो त्यांच्या बँकेतल्या कुलकर्ण्यांनी सांगितला. कुलकर्णी म्हणजे ते उंच नव्हेत, दुसरे." सर आणि मी, दोघंही नारायण पेठेतले. चालत डेक्कनला यायचं आणि तिथून कंपनीची बस पकडायची. विद्यापीठ चौकात विनोदाला सुरुवात व्हायची, बाणेर येईपर्यंत आम्ही कुलकर्ण्यांपाशीच असायचो, आणि वाकडला प्रत्यक्ष विनोद पोहोचायचा तेव्हा बसमधली निम्मी माणसं झोपलेली असायची. उरलेल्यांना विनोद कळायचा, पण हसायची ताकद शिल्लक नसायची.

सर हिंजवडीतल्या एका कंपनीत मराठी विभागाचे प्रमुख होते. शाळांसाठी डिजिटल धडे तयार करणारी कंपनी. मी त्यांच्या हाताखाली लिहायला शिकले, म्हणजे पगार लिहिण्याचा घ्यायचे आणि शिकायचे दुसऱ्याचं न उचलायला. ऑफिस असं की, तिथं सगळे सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारत, कंपनीच्या मालकालासुद्धा. सर एकटेच सर होते. तेही सगळ्यांना, काल रुजू झालेल्या पोरीलासुद्धा, 'अहो' म्हणत. त्यांच्याकडे दोन चष्मे होते. एक संगणकासाठी आणि एक, त्यांच्या भाषेत, माणसांसाठी. संगणकाचा चष्मा काढून त्यांनी माणसांचा चष्मा लावला की समोरच्यानं समजावं, आता प्रश्न येणार. प्रश्न कायम एकच असायचा. "कोणाचं?"

लेख दाखवला, कोणाचं? चित्र दाखवलं, कोणाचं? नवीन लग्न झालेल्या एका मुलीनं उखाणा घेतला, तर टाळ्या थांबायच्या आत यांनी विचारलं, "छान. कोणाचा?" तिनं लाजून सांगितलं की आईचा. "मग आईंना कळवा, ऑफिसात आवडला म्हणून." तिनं तिथूनच आईला फोन लावला, आणि आई बिचारी घाबरली, ऑफिसातून भलत्या वेळी फोन कसा म्हणून.

डब्यातली चटणी पुढे करताना ते म्हणायचे, "घ्या. चटणी आमच्या हिची, पण कृती तिच्या मामींची. लसूण जास्त घालायची कल्पना मात्र हिची स्वतःची." शर्टाचं कौतुक केलं तर शर्ट कुणी निवडला ते कळायचं. त्यांच्या दारावरची पाटी तर मी स्वतः वाचली आहे. 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. दार उघडलं जाणार नाही, आणि उघडलं गेलंच तर वाईट वाटेल.' आता अशा पाट्यांचं आमच्या पेठेत कुणाला काही वाटत नाही. पण हिच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. 'मजकूर शेजारील श्री. गोडबोले यांच्या पाटीवरून, त्यांच्या परवानगीने.' मी विचारलं, "सर, गोडबोल्यांना खरंच विचारलंत?" म्हणाले, "विचारलं. दुपारी तीनला गेलो होतो. त्यांना वाईट वाटलं."

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र लोक त्यांना वैतागले होते. सकाळी कुणीतरी सूर्योदयाचं चित्र आणि त्याखाली आयुष्यावरचा काहीतरी गोड सुविचार टाकायचं, की लगेच यांचं उत्तर, "कोणाचं?" टाकणारा गोंधळायचा. "मला आलं, मी पुढं पाठवलं." यांचं पुढचं उत्तर, "तुम्हाला कोणी पाठवलं?" एकदा अध्यक्षांनी हात टेकले आणि त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. आठवड्याभरात पाण्याच्या टाकीची सफाई आली, वेळेचा निरोप ग्रुपवर पडला, सरांना तो मिळाला नाही, आणि ऐन अंघोळीत त्यांचं पाणी गेलं. अंगाला साबण तसाच ठेवून ते पंचा गुंडाळून अध्यक्षांच्या दारात उभे राहिले. अध्यक्षांच्या पत्नींनी त्यांना त्याच दिवशी ग्रुपवर परत घेतलं.

यावरून कुणाला वाटेल की माणूस फार नम्र असावा. अजिबात नाही. स्वतःच्या वस्तूवर त्यांचा हक्क फार कडक होता. एकदा कंपनीच्या मोठ्या बैठकीत एका धड्याच्या नावाचं कौतुक झालं आणि आमच्यातल्या कुणीतरी सवयीनं म्हटलं, "टीमनं मिळून सुचवलं." सर मागून शांतपणे म्हणाले, "टीमनं नाही. नाव माझं आहे. टीम तेव्हा चहाला गेली होती." खाली येताना लिफ्टमध्ये मी म्हटलं, सर, सोडून द्यायचं ना. ते म्हणाले, "दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं म्हणायची सवय ठेवली ना, की आपलं ते आपलं म्हणताना जीभ अडखळत नाही. तुमची अडखळते, कारण तुम्हाला खात्री नसते." मला तेव्हा त्यांचा राग आला होता, कारण बोलणं खरं होतं.

पुढं लिहून देणारी यंत्रं आली आणि आम्हाला वाटलं, आता सरांचा प्रश्न संपला. आमच्यातल्या सौरभनं पावसाच्या पाण्यावर एक झकास परिच्छेद आणून दिला. सरांनी चष्मा बदलला.

"कोणाचं?"

"कोणाचंच नाही, सर. एआयनं जनरेट केलंय. कॉपी नाहीये, चेक करून बघा."

"कोणाचंच नाही असं काही नसतं हो. रस्त्यात पाकीट सापडलं आणि आत नाव नसलं, तर ते कोणाचंच नसतं का? आपल्याला माहीत नाही, एवढंच."

"पण सर, त्यानं लाखो लोकांचं वाचून बनवलंय. कुणाकुणाचं नाव देणार?"

"देऊ नका. खाली लिहा, 'अनेकांचे, नावे ठाऊक नाहीत.' खरं आहे ना? मग लिहायला काय जातंय?"

सौरभनं ती ओळ लिहून पाहिली. त्याखाली स्वतःचं नाव त्याला लिहवेना. गुपचूप परिच्छेद परत घेतला आणि दुपारभर बसून स्वतः एक लिहिला. तो तितका झकास नव्हता. सरांनी तोच घेतला.

पण सरांची खरी ओळख म्हणजे शुक्रवारचा फोन. हा नियम कंपनीचा नव्हता, त्यांचा होता, आणि आमच्या विभागात तो कंपनीच्या कुठल्याही नियमापेक्षा जास्त पाळला जायचा. शुक्रवारी चारचा चहा झाला की प्रत्येकानं एक फोन करायचा. आठवडाभरात ज्याचं काही वापरलं असेल, माहिती, चित्र, एखादी कल्पनाही, अशा एका माणसाला शोधायचं आणि सांगायचं. श्रेयाच्या पानावर नाव तर द्यायचंच, ते वेगळं. "नाव दिलं की आपलं काम झालं असं तुम्हाला वाटतं," ते म्हणायचे. "पण ज्याचं घेतलं त्याला कळलंच नाही, तर ते नाव आपण आपल्याच समाधानासाठी दिलं."

माझा पहिला फोन खडकवासल्याच्या पाण्याकाठी पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या एका गृहस्थांना होता. त्यांचा शेकाट्या, म्हणजे लांब लाल पायांचा तो पाणपक्षी, आम्ही त्यांच्या पानावरून घेतला होता. वापरायला मोकळा आहे असं त्यांनी तिथं लिहूनच ठेवलं होतं. मी कंपनीचं नाव सांगितलं तेवढ्यात त्यांनी "लोन नकोय" म्हणून फोन ठेवला. पुन्हा केला तर "इन्शुरन्सही नकोय." मग सरांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"नमस्कार. आम्ही काही विकत नाही. तुमचं काहीतरी घेतलंय, ते सांगायला फोन केलाय."

पलीकडून आवाज आला, "माझं? काय गेलं?"

"काही गेलं नाही. तुमचा शेकाट्या चौथीच्या मुलांना दाखवणार आहोत."

"बरं. मग मी काय करायचं?"

"काही नाही. आपल्याला माहीत असावं."

गृहस्थांनी फोन ठेवला, आणि पाच मिनिटांनी त्यांनीच परत केला. ते म्हणाले, हा फोटो काढायला मी अर्धा दिवस चिखलात बसलो होतो, हे घरी कुणाला पटत नाही. तुम्ही जरा आमच्या मिसेसशी बोलता का? सर मिसेसशी बोलले. चिखलाचं सगळं नीट समजावून सांगितलं.

आता केतकीचं सांगते, कारण सर म्हटले की मला तेच आधी आठवतं.

केतकी बार्शीची. नवीन लागली होती, अजून कायम व्हायची होती, आणि तिकडे बाबांनी नोकरीचे पेढे वाटून टाकले होते. हिंजवडीच्या पलीकडच्या एका गावात, जिथं आता शेतांपेक्षा मुलींची हॉस्टेलं जास्त आहेत, तिथं ती राहायची. 'आपला परिसर' या चौथीच्या संचासाठी तिनं एक धडा लिहिला. गोष्ट त्याच गावची. वेशीवर एक विहीर होती. पहाटे जी बाई पहिली घागर शेंदेल, तिनं ती घरी न्यायची नाही, वाटेच्या कडेला दगडावर ठेवायची. ती वाटसरूची. दिवसभरात कुणी आलं नाही, तर संध्याकाळी झाडाला घालायची. पुढं कंपन्यांच्या इमारती आल्या, विहीर बुजली. तरी बायका नळाची घागर भरून त्याच जागी आणून ठेवत राहिल्या. वॉचमन ती उचलून बाजूला ठेवायचा, दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आणून ठेवायच्या. धड्याचं शेवटचं वाक्य होतं, 'विहीर बुजवली, पण घागर कुठं बुजवणार?'

सरांनी तो धडा आम्हाला उभं राहून वाचून दाखवला. एक शब्द बदलला नाही. असं ते कधी करत नसत.

धडे शाळांच्या संस्थेकडे पाठवायच्या आधी कंपनी ते एका तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून काढायची. कुठूनही उचललेला मजकूर असला की ते तो लाल करून दाखवतं. केतकीचा धडा परत आला तो जवळजवळ सगळा लाल. पुण्याजवळच्या सहलीच्या जागा सांगणाऱ्या एका वेबसाइटवर हीच गोष्ट बरीच आधी आलेली होती. तीच विहीर, तीच घागर, कित्येक वाक्यं तीच. शेवटचं वाक्य तर जसंच्या तसं.

"मी ते पान बघितलेलंच नाही," केतकी सांगत राहिली. कोण ऐकणार? त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलावर कुणी बसेना. एचआरच्या मॅडम सरांना भेटायला आल्या. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांचेही हात बांधलेले होते. "सर, सिस्टिमनं फ्लॅग केलंय. पॉलिसी क्लिअर आहे. ती प्रोबेशनवर आहे, सोमवारी मला तिला लेटर द्यावं लागेल. आणि कारण रेकॉर्डला राहील." म्हणजे नोकरी जाणार, आणि पुढं जिथं अर्ज करेल तिथं ती चोर म्हणून ओळखली जाणार.

"सोमवारी ना? आज शुक्रवार आहे," सर म्हणाले. मग त्यांनी केतकीला बोलावून घेतलं आणि चष्मा बदलला. मी शेजारच्याच टेबलावर होते.

"अहो केतकी, कोणाचं?"

"माझं, सर."

"मी पुन्हा विचारतो. शांतपणे सांगा. कोणाचं?"

"माझंच आहे, सर. आईशप्पथ." तिचे डोळे भरले होते.

"ती घागर तुम्ही पाहिलीत?"

"नाही."

"विहीर?"

"ती तर मी यायच्या किती आधी बुजवली."

"मग तुम्हाला कळलं कसं?"

"काकू सांगतात ना. हॉस्टेलच्या शालनकाकू. रात्री जेवायला बसलो की काही ना काही सांगत असतात."

"मग त्यांचं नाव का नाही दिलंत?"

केतकीनं त्यांच्याकडे पाहिलं. ती खरोखरच गोंधळली होती. "काकूंचं? पण सर, त्या नुसत्या बोलल्या. त्यांनी कुठं लिहिलेलं नाही. नेटवरून घेतलं तर नाव द्यायचं, हे मला माहीतेय. मी नेटवरून काहीच घेतलं नव्हतं."

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? इतकी वर्षं शुक्रवारचे फोन करतोय आपण. सगळे अशांना, ज्यांचा नंबर नेटवर आहे. हिला दुसरं काय शिकवलं आपण?" आणि ते उठले. "चला. आजचा फोन चालत जाऊन करायचा."

आम्ही तिघं निघालो. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये कंपन्यांच्या बस जागच्या जागी गुरगुरत उभ्या होत्या, त्यांच्यामधून वाट काढत आम्ही हॉस्टेलवर पोहोचलो. चार मजली इमारत, गुळगुळीत फरशी, बाहेर मोठी गाडी. शालनकाकू आत एका फिरत्या खुर्चीवर बसल्या होत्या. समोर सीसीटीव्हीचे पडदे, हातात पाटल्या, आणि कुठल्या मजल्यावर कुठली पोरगी उगाच लाइट लावून गेली आहे ते त्या माइकवरून सांगत होत्या. केतकीला बघताच म्हणाल्या, "का गं, आज लवकर? तोंड का असं उतारलंय?"

सरांनी तिला बोलू दिलं नाही. स्वतः नमस्कार केला. "आपल्या गावच्या विहिरीची गोष्ट ऐकायला आलोय. सांगाल का?"

"ती व्हय? समद्या पोरींना सांगती मी. बसा की. च्या घेनार?"

चहा आला आणि काकूंनी सुरुवात केली. सरांनी तो लाल झालेला कागद मांडीवर ठेवला होता, आणि काकू बोलतील तसं त्यांचं बोट ओळीवरून सरकत होतं. "पयली घागर वाटंच्या मानसाची. घरी न्यायची न्हाई. नेली तर सासू उंबऱ्याच्या आत घेत नव्हती." बोट सरकलं. "वॉचमन उचलायचा, आमी परत ठिवायचो. त्यो कट्टाळला, आमी न्हाई." बोट पुन्हा सरकलं. एकेक लाल ओळ त्या बाईंच्या तोंडून बाहेर येत होती. वाक्यं तीच होती, केतकीनं फक्त त्यांना शाळेचा गणवेश घातला होता. शेवटी काकूंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हीर बुजिवली. पन घागर कुटं बुजिवनार?"

केतकी रडायला लागली. काकूंना काही कळेना.

मग सरांनी त्यांना सगळं सांगितलं. ती वेबसाइट दाखवली. काकूंनी मोबाइल लांब धरून लिहिणारीचा फोटो बघितला. "आगं बया. ही तर नागपूरची पोरगी. दुसऱ्या मजल्यावर व्हती, हिच्या आदी. लई फिरायची आन लई लिवायची." त्यांना राग आला नव्हता. आपली गोष्ट इतक्या लांब गेली याचंच त्यांना नवल वाटत होतं. "माजं नाव न्हाई व्हय हितं?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "न्हाई."

मला वाटलं झालं, आता उठायचं. पण सर ते सरच. त्यांनी माणसांचा चष्मा जरा वर सरकवला. "आणि आपल्याला ही गोष्ट कुणी सांगितली?"

"सासूनं. तिच्याच हातची समदी रीत."

"शेवटचं वाक्यही त्यांचंच?"

"न्हाई," काकू ताडकन म्हणाल्या. "त्ये माजं. हीर बुजिवली तवा सासू कुटं व्हती? मी व्हते. डंपर आला तवा मी हुबी व्हते तितं. त्ये माजं हाय."

सरांचा चेहरा असा उजळला की मी तो आजवर विसरलेली नाही. आपलं ते आपलं म्हणणारं माणूस त्यांना फार आवडायचं.

"सासूबाईंचं नाव काय?"

काकू सांगायला गेल्या आणि थांबल्या. "आत्याबाईच म्हनायचो आमी." पुन्हा थांबल्या. मग आतल्या खोलीकडे तोंड करून हाक दिली, "अवं, तुमच्या आईचं नाव काय व्हतं?"

आतून टीव्हीचा आवाज कमी झाला. "आँ?"

"आईचं नाव."

"गऊबाई," आतून आवाज आला. "का गं?"

"गऊबाई," काकू स्वतःशीच म्हणाल्या. वीस वर्षं सासूच्या हाताखाली काढलेली ती बाई ते नाव जिभेवर घोळवून बघत होती. "लिवा. आदी तिचं लिवा, मग माजं."

सोमवारच्या बैठकीत सर फार बोलले नाहीत. "यंत्र खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "त्याला जेवढं दिसतं तेवढं ते सांगतं. हॉस्टेलवर जेवायला ते कधी गेलेलं नाही. या मुलीनं त्या वेबसाइटचं घेतलेलं नाही. दोघींनी एकाच बाईचं घेतलंय आणि दोघींनीही तिचं नाव सांगितलं नाही. ही चूक आहे, पण त्याला चोरी म्हणू नका. नाव दिलं की चूक दुरुस्त होते." एचआरच्या मॅडमनी काकूंना फोन लावला. काकूंनी त्यांनाही पहिल्यापासून सगळी गोष्ट ऐकवली आणि वर, पोरगी लेकरागत हाय, तिला काय केलं तर मी येती तितं, असंही सांगितलं. पत्र निघालं नाही.

पण पेच पुढंच होता. श्रेयाचं पान अख्ख्या संचाला मिळून एकच होतं, आणि संस्थेनं त्याचा साचा ठरवून दिलेला. लेखन, संपादन, चित्रं. ओळीतले शब्द बदलता येत, पण ओळी तीनच, चौथ्या ओळीला जागा नाही. सांगणाऱ्यांची वेगळी ओळ घालायची म्हणजे संस्थेची मंजुरी, नवा साचा, म्हणजे संच यंदा शाळांत जाणार नाही. आमच्या मालकांनी हात जोडून सांगितलं, "सर, पुढच्या वर्षी नक्की टाकू."

"पुढच्या वर्षी मी नसेन," सर म्हणाले. ते त्या वर्षी निवृत्त होणार होते. "ओळी तीनच हव्यात ना? संपादनाची काढा. तिथं 'गोष्ट सांगणाऱ्या' म्हणून त्या दोघींची नावं घाला."

"सर, अहो, अख्खा संच तुम्ही एडिट केलाय. वर्षभराचं काम आहे."

"केलंय. मला माहीत आहे."

मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी धड बोलले नाही. वाकडला न राहवून म्हटलं, "आपलं ते आपलं म्हणायचं, हे तुम्हीच शिकवलंत. मग आता काय झालं?" ते खिडकीबाहेर बघत होते. "मी कुठं म्हणालो माझं नाही म्हणून? संपादन माझंच आहे. मला विचारा, छातीवर हात ठेवून सांगेन. पण मला विचारायला तुम्ही आहात. गऊबाईंना विचारायला कोण आहे? त्यांच्या सुनेला नाव आठवेना."

मग त्यांनी विनोद सांगायला घेतला. मेव्हण्यांचाच. मी शेवटपर्यंत जागी राहिले आणि हसलेही. थोडं उशिरा, पण हसले.

संच शाळांत गेला. केतकी कायम झाली. आज ती माझ्याबरोबर काम करते, आणि कुणाकडूनही काही ऐकलं की त्याच्या सासूचं नाव विचारून लोकांना हैराण करते. शुक्रवारचा फोन आम्ही चालू ठेवलाय. त्यातला एक आता चालत जाऊन करायचा असतो.

हे सगळं लिहून मी परवा सरांकडे घेऊन गेले. चार वाजून गेल्यावर बेल वाजवली. त्यांनी लेख पूर्ण वाचला, शेकाट्याला मात्रा नीट पडली आहे का ते दोनदा पाहिलं, आणि चष्मा बदलला.

"कोणाचं?"

"माझं," मी म्हणाले. जीभ अडखळली नाही.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "फक्त माझं नाव काढा."

मी पहिल्याच ओळीत त्यांचं पूर्ण नाव घातलं होतं, मुद्दाम घातलं होतं. श्रेयाच्या त्या पानावरून गेलेलं नाव कुठंतरी छापून यावं म्हणूनच तर हे लिहायला बसले होते. मी वाद घातला. चटणीवाल्या मामींपासून गोडबोल्यांपर्यंत सगळ्यांना श्रेय देणाऱ्या माणसाचंच नाव नसलेला लेख कसा दिसेल, असं विचारलं.

"त्या पानावरची जागा मी दोघींना दिली," ते म्हणाले. "आता तुम्ही इथं माझं नाव मोठ्या अक्षरांत छापलंत, तर मी ती दिली नाही, बदलून घेतली, असं होईल."

मी तिथंच बसून नाव खोडलं. त्यांच्या पत्नींनी चटणी-भाकरी आणली आणि आम्ही ती खाल्ली.

तेव्हा वाचकहो, विहिरीची रीत गऊबाईंची. तिची गोष्ट आणि गोष्टीतलं शेवटचं वाक्य शालनकाकूंचं. ती शाळेच्या भाषेत बसवली केतकीनं. यातली शहाणपणाची वाक्यं एका माणसाची आहेत, ज्यांचं नाव मला ठाऊक आहे आणि विचारलंत तरी सांगणार नाही. बाकीचं सगळं माझं.